खाज थांबते, संसर्ग उरतो

गजकर्ण, म्हणजेच नायटा, हा त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात वाढणाऱ्या बुरशीचा संसर्ग आहे. जांघ, कंबर, काख, नितंब, स्तनांखालची घडी, कधी चेहरा, अशा ठिकाणी एक गोल चट्टा उमटतो. त्याची कड लालसर, किंचित उंच आणि खपल्यांची असते. मधला भाग त्यामानाने साफ दिसतो. कंड एवढी सुटते की झोपेतही हात तिकडेच जातो. पूर्वी हा आजार उन्हाळ्यात डोके वर काढायचा, काही आठवडे मलम लावले की जायचा आणि थंडीत बहुधा आपोआप ओसरायचा. त्यामुळे कोणत्याही घरात त्याला फारसे महत्त्व मिळाले नाही.

साधारण २०१४ पासून भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना वेगळे चित्र दिसू लागले. चट्टे तळहाताएवढे, मग पाठभर, मांडीभर पसरलेले. एकाच घरातली चार-चार माणसे एकाच वेळी ग्रासलेली. औषध थांबवले की महिन्याभरात आजार पुन्हा हजर. थंडीतही सुटका नाही. दोन आठवड्यांत गुण देणारी टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाची गोळी दुप्पट मात्रेत, दुप्पट दिवस देऊनही निकामी ठरू लागली.

या बदलाचे सर्वत्र ऐकू येणारे स्पष्टीकरण असे : उकाडा वाढला, घाम वाढला, लोक घट्ट कपडे घालतात, स्वच्छता पाळत नाहीत. यात तथ्याचा अंश आहे, पण ते वरवरचे आहे. घाम आणि दमट हवा कोकणात शतकानुशतके आहेत. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या घरांतही आजची साथ शिरली आहे. ही साथ वाढली ती खाज थांबण्याचा दिवस आणि बुरशी नष्ट होण्याचा दिवस यांच्यामधल्या अंतरात. हे अंतर पूर्वी थोडे होते. चुकीच्या मलमांनी आणि अर्धवट उपचारांनी ते आठवड्यांवरून महिन्यांवर नेले. त्या महिन्यांत बरा वाटणारा रुग्ण घरभर संसर्ग देत राहिला आणि औषधाला दाद न देणाऱ्या वाणाला मोकळे रान मिळाले. हे म्हणणे पायरीपायरीने तपासता येते.

## पहिली पायरी : बुरशी मृत थरात, खाज जिवंत थरात

त्वचेवर वाढणाऱ्या या बुरशींचे अन्न केराटिन. केस, नखे आणि त्वचेचा हा मृत थर, म्हणजे शृंगस्तर, या टणक प्रथिनाचे बनलेले असतात. फार थोड्या सजीवांना ते पचवता येते, या बुरशींना येते. शृंगस्तरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूंची टोके नाहीत. म्हणजे बुरशी जिथे राहते तिथे वेदना नाही, लाली नाही, खाजही नाही.

खाज येते ती खालच्या जिवंत थरातून. बुरशीची विकरे आणि तिच्या पेशीभित्तिकेचे तुकडे खाली झिरपले की शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना ओळखते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा झपाट्याने तयार होऊन वर सरकू लागतात. जुन्या पेशींबरोबर बुरशी झडून जावी, हा या धडपडीचा उपयोग. चट्ट्याची लाल, खपल्यांची कड म्हणजे ही चकमक चालू असलेली रेषा. मधला भाग साफ दिसतो, कारण तिथली चकमक बऱ्याच अंशी उरकलेली असते.

म्हणून खाज हा संसर्गाचा मापक नाही. ती शरीराच्या प्रतिकाराची खूण आहे. प्रतिकार दडपला तर खाज थांबते आणि बुरशी जागच्या जागी राहते. रुग्ण मात्र आजाराचे माप खाजेनेच घेतो. दुसरे माप त्याच्या हातात नसते, आणि त्याला ते कोणी सांगितलेलेही नसते.

बुरशी किती खोल जाते हेही इथे महत्त्वाचे. अंगावरच्या बारीक लवेच्या मुळांशी ती पोचली, तर वरून लावलेले मलम तिथवर पुरेसे पोचत नाही. नखात शिरली तर आणखीच अवघड. हातापायाच्या बोटाचे एखादे जाड, पिवळट नख वर्षानुवर्षे दुखत नाही, खाजत नाही, आणि त्याच माणसाच्या जांघेला पुन्हा पुन्हा बी पुरवत राहते.

## दुसरी पायरी : मलमाच्या नळीत काय असते

गजकर्ण झालेला माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही. जांघेतला आजार दाखवायची लाज, रोजंदारी बुडण्याची भीती, दवाखान्याची फी. तो मेडिकलमध्ये जातो आणि ‘खाजेची ट्यूब’ मागतो. जी नळी हातात पडते, तिच्यावर बारीक अक्षरांत तीन ओळी असतात. उदाहरणार्थ, क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, निओमायसिन ०.५ टक्के, मायकोनॅझोल २ टक्के. यातले तिसरे बुरशीविरोधी. दुसरे प्रतिजैविक, ज्याचा बुरशीवर काही परिणाम नाही. पहिले स्टेरॉइड, आणि तेही त्वचेसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत जहाल गटातले. सोरायसिससारख्या आजारात, जाड त्वचेवर, मोजके दिवस, देखरेखीखाली वापरायचे हे औषध आहे. जांघेतली त्वचा पातळ, घडीतली आणि झाकलेली असल्यामुळे तिथे ते कितीतरी अधिक शोषले जाते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच खाज जाते. लाली उतरते, कड सपाट होते. रुग्णाला वाटते, औषध लागू पडले. खरे पाहता स्टेरॉइडने संरक्षणव्यवस्थेचे हात बांधलेले असतात, आणि सोबतचे बुरशीविरोधी औषध एवढ्या थोड्या दिवसांत काम पुरे करू शकत नाही. आठ-दहा दिवसांनी मलम थांबते. दोन-तीन आठवड्यांत चट्टा परत येतो, पहिल्यापेक्षा रुंद. पुन्हा तीच नळी. ती ‘लागू पडते’ हा अनुभव गाठीशी असतोच, म्हणून शेजाऱ्यालाही तीच सुचवली जाते.

स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णाचे रूप इतके पालटते की ओळखू येत नाही, हे १९६८ मध्येच आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवले होते. त्यांनी त्याला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेष पालटलेला गजकर्ण, असे नाव दिले. भारतात याचा पुढचा नमुना दिसतो. मलम कधी लावायचे, कधी सोडायचे या क्रमामुळे एका वर्तुळात दुसरे, त्यात तिसरे अशी वर्तुळे उमटतात. जणू लाकडाच्या ओंडक्यावरची वलयेच. प्रत्येक वलय म्हणजे दडपून मग सुटलेल्या प्रतिकाराची एक खेप. सोबत मांड्यांवर कायमचे ताणरेषांसारखे पांढरट-लाल व्रण पडतात, त्वचा कागदासारखी पातळ होते. हे व्रण बुरशीचे नसून मलमाचे असतात.

अशा चट्ट्याची खपली तपासली की हा विरोधाभास डोळ्यांना दिसतो. बोथट पात्याने कडेवरची खपली खरवडून काचपट्टीवर घेतात, वर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात आणि काही मिनिटे थांबतात. केराटिन विरघळून पारदर्शक होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू उभे राहतात : लांब, चकचकीत, फांद्या फुटलेले, मधूनमधून आडवे पडदे असलेले. काही ठिकाणी तंतू तुटून चौकोनी मण्यांची माळ झालेली दिसते. स्टेरॉइड न लावलेल्या चट्ट्यात हे तंतू शोधावे लागतात. स्टेरॉइड लावलेल्या, वरून शांत दिसणाऱ्या चट्ट्यात बहुधा त्यांची गर्दी असते.

## तिसरी पायरी : घर हेच फैलावाचे क्षेत्र

त्या मण्यांच्या माळेकडे फैलावाची किल्ली आहे. तंतू तुटून झालेले ते बीजाणू झडलेल्या खपल्यांत बंदिस्त राहतात आणि कोरड्या, सावलीच्या जागी महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. निरोगी त्वचेवर पडल्यावर काही तासांत ते घट्ट चिकटतात, साधारण दिवसभरात त्यांना अंकुर फुटतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत चट्टा दिसू लागतो. दमट, घासलेली, कपड्याखाली कोंडलेली त्वचा त्यांना सोयीची. उकाडा आणि घट्ट जीन्स यांचे स्थान इथे आहे. ती पेरणीला अनुकूल जमीन झाली, बी नव्हे.

बी येते माणसाकडून. या वर्गातल्या काही बुरशी मातीत राहतात, काही जनावरांच्या अंगावर. कुत्र्या-मांजरांकडून किंवा गोठ्यातून आलेला संसर्ग सहसा फार दाहक असतो, आणि तसाच लवकर आटोपतो. माणसाच्या त्वचेशी जुळवून घेतलेली बुरशी मात्र कमी भडकते आणि जास्त टिकते. भारतातली आजची बुरशी जवळजवळ सर्वस्वी माणसाकडून माणसाकडे जाते. म्हणून तिचा माग काढायचा तर माणसे कुठे एकमेकांच्या त्वचेला आणि कपड्यांना लागतात ते पाहावे लागते.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात तिथे खिळ्याला दोन पंचे असतात. रात्री एकाच चटईवर मुले आईबापांना बिलगून झोपतात. सकाळी सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजत पडतात. थंड पाण्यात, साध्या पावडरीत धुतलेल्या कपड्यांतले बीजाणू मरत नाहीत, उलट बादलीतल्या दुसऱ्या कपड्यांना लागू शकतात. ते हमखास मारायला सुमारे साठ अंश तापमानाचे पाणी लागते. अंतर्वस्त्राच्या इलॅस्टिकची दुमड, परकराच्या नाडीचा नेफा, जीन्सची शिवण या जागी खपल्या अडकून बसतात. दोरीवर कपडा सुलटा वाळत घातला तर ऊन तिथे पोचतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर कपडे घरातच, पंख्याखाली, अर्धवट ओले राहून वाळतात. कंबरेभोवती पट्ट्यासारखा उमटणारा गजकर्ण नेमका नेफ्याच्या रेषेत असतो, हा योगायोग नाही.

आता दुसऱ्या पायरीवरचे अंतर इथे जोडून पाहावे. ज्याला खाज आहे तो पंचा वेगळा ठेवतो, निदान संकोचाने तरी. ज्याची खाज मलमाने थांबली तो पुन्हा तोच पंचा वापरतो, मुलाला कुशीत घेतो, नवरा-बायको एका पांघरुणात येतात. घरातल्या एकाने गोळ्या घेऊन आजार घालवला तरी दुसऱ्याकडून तो परततो. याला ‘औषध लागू पडले नाही’ म्हणतात. खरे म्हणजे तो नवा संसर्ग असतो. मलमाने रुग्ण संसर्गमुक्त होत नाही, तो फक्त बेसावध होतो. साथीच्या दृष्टीने हे फार वाईट, कारण संसर्गजन्य दिवसांची संख्या वाढते आणि त्या दिवसांतली काळजी कमी होते.

घराबाहेरचे मार्गही आहेत. वसतिगृहे, कुस्तीच्या मॅट, व्यायामशाळा, न्हाव्याचे यंत्र. कुस्तीगिरांमधला गजकर्ण वैद्यकाला एवढा परिचित आहे की त्याला स्वतंत्र नाव आहे. तरीही भारतीय साथीत घराचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागतो.

## चौथी पायरी : दाद न देणारा वाण

टर्बिनाफिन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आले आणि गजकर्णाचा उपचार सोपा झाला. त्याचे काम नेमके आहे. बुरशीच्या पेशीपटलाला अर्गोस्टेरॉल लागते. ते बनवण्याच्या साखळीत स्क्वालिन इपॉक्सिडेज नावाचे एक विकर असते. टर्बिनाफिन त्याला जखडते. अर्गोस्टेरॉल कमी पडते, स्क्वालिन साचून विषासारखे होते आणि बुरशी मरते.

हे विकर घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला तर औषधाला बसायची जागाच बिघडते. विकरातल्या ३९७ व्या जागी फेनिलॲलॅनिनऐवजी ल्युसिन आले, किंवा ३९३ व्या जागी नेमके उलटे झाले, तर टर्बिनाफिन निष्प्रभ होते. विकराचे स्वतःचे काम मात्र चालू राहते. चंडीगड आणि दिल्ली येथील प्रयोगशाळांनी २०१८ मध्ये भारतीय रुग्णांच्या नमुन्यांत अशी उत्परिवर्तने दाखवून दिली. २०२० मध्ये कानो आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये तपासलेल्या नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवरून या बुरशीला स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले, ट्रायकोफायटन इंडोटिनी. पूर्वी भारतात ट्रायकोफायटन रुब्रम या बुरशीचे वर्चस्व होते. काही वर्षांतच तिला बाजूला सारून इंडोटिनीने जागा घेतली.

उत्परिवर्तन स्टेरॉइडमुळे होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जनुकातले असे बदल अधूनमधून आपोआप घडतच असतात. प्रश्न असतो तो त्यांतला कोणता टिकतो आणि फोफावतो याचा. त्वचेवर बुरशी जितकी जास्त, तितकी बदललेली एखादी पेशी सापडण्याची शक्यता जास्त. स्टेरॉइड बुरशीची संख्या वाढवते. त्याच वेळी अपुऱ्या मात्रेत, अपुरे दिवस टर्बिनाफिन मिळाले तर साधी बुरशी मरते, बदललेली राहते. मग रुग्णाला बरे वाटते, तो औषध सोडतो आणि उरलेली, निवडलेली बुरशी घरात वाटतो. बुरशी वाढवणारे औषध आणि बुरशी निवडणारे औषध एकाच देशात, अनेकदा एकाच नळीत, वर्षानुवर्षे विकले गेले. इंडोटिनीची वाढ यापेक्षा वेगळ्या वाटेने झाली असे मानायला फारसा आधार नाही.

टर्बिनाफिन गेल्यावर भिस्त इट्राकोनॅझोलवर आली. ते अनेकांत गुण देते, पण त्याच्या अटी आहेत. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी लागते, कारण ती विरघळायला जठरातले आम्ल लागते. सोबत आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर औषध रक्तात नीट उतरत नाही. आपल्याकडे ती गोळी सकाळच्या चहाइतकी सर्रास आहे. हृदयाची क्षमता घटलेल्यांना आणि गर्भवतींना इट्राकोनॅझोल टाळावे लागते, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचे जमत नाही. आणि याही गटातल्या औषधांना कमी दाद देणारे नमुने आता नोंदले जात आहेत.

## पाचवी पायरी : सीमा ओलांडल्यावर

माणसांबरोबर बुरशी देश बदलते, हे नवे नाही. ट्रायकोफायटन रुब्रम मूळची प्रामुख्याने आग्नेय आशियातली मानली जाते. विसाव्या शतकात सैनिक आणि स्थलांतरितांबरोबर ती युरोप-अमेरिकेत गेली आणि तिथल्या पावलांत आणि नखांत कायमची मुक्कामी राहिली. इंडोटिनीने हाच प्रवास फार थोड्या वर्षांत केला. इराण, आखाती देश, जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्क, ब्रिटन, कॅनडा अशा अनेक ठिकाणी ती आढळली आहे.

न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतली एक स्त्री बांगलादेशात असताना आजारी पडली होती आणि तिच्या घरच्यांनाही तसेच चट्टे होते. दुसरी, गर्भवती असलेली तरुणी, परदेशी गेलीच नव्हती. तिला प्रसूतीनंतर टर्बिनाफिन देऊन उपयोग झाला नाही, इट्राकोनॅझोलने गुण आला. तिच्या बाबतीत संसर्ग अमेरिकेतच, कोणाकडून तरी लागला, एवढाच अर्थ निघतो.

इंडोटिनीची एक जवळची नातलग, ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीसचा सातवा जनुकप्रकार, वेगळ्या वाटेने पसरत आहे. आग्नेय आशियातून परतलेल्या युरोपीय प्रवाशांत ती आधी दिसली. पुढे पॅरिसमध्ये २०२१-२२ दरम्यान आढळलेले बहुतेक रुग्ण पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष होते. २०२४ मध्ये अमेरिकेतला पहिला रुग्ण नोंदला गेला. या प्रकारात चट्टे गुप्तांगांजवळ, नितंबांवर, तोंडाभोवती येतात आणि दाह तीव्र असतो. लैंगिक आजार म्हणून रुग्ण तपासला जातो आणि बुरशीची शंकाच घेतली जात नाही, किंवा इसब समजून स्टेरॉइड दिले जाते. संपर्क कसा झाला यापेक्षा, संसर्ग ओळखायला किती दिवस लागले, यावर फैलाव ठरतो, याचे हे दुसरे उदाहरण.

## काही आक्षेप

पहिला आक्षेप : स्टेरॉइडला एवढा दोष का द्यावा? स्टेरॉइड कधीच न लावलेल्या रुग्णांतही दाद न देणारी बुरशी सापडते, आणि युरोपात भारतासारखा मलमांचा सुळसुळाट नसूनही इंडोटिनी पोचली. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. वाण एकदा घडला आणि माणसाकडून माणसाकडे जाऊ लागला की पुढच्या माणसाने मलम लावले असण्याची गरज उरत नाही. त्या घरातले लहान मूल वडिलांच्या मांडीवरून संसर्ग घेते, आणि संसर्गाबरोबर वडिलांच्या उपचाराचा इतिहासही घेते. मात्र या आक्षेपातून एक कबुली द्यावीच लागते : आज मलमे पूर्ण थांबली तरी साथ लगेच थांबणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेड्यातल्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञ तालुक्यालाही मिळत नाही. मेडिकलवाला हाच त्याचा डॉक्टर. तिथली नळी बंद केली तर त्याच्या हाती काय उरते? या प्रश्नाला कायद्याचे उत्तर पुरत नाही, हे अनुभवाने दिसले आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी काही मलमे होती. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर नव्याने बंदी आली. त्याच वर्षी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली गेली. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी स्वतंत्र कृतिदल उभारून पाठपुरावा केला होता. तरीही चिठ्ठी न मागता नळी मिळते.

पण आक्षेपात एक गृहीतक दडले आहे, की ही मिश्रणे गरिबाला निदान काहीतरी देतात. ती त्याला तीन दिवसांचा आराम देतात आणि बदल्यात वर्षभराचा आजार, घरातले तीन नवे रुग्ण आणि शेवटी महागड्या कॅप्सूलचे महिने देतात. साधे, स्टेरॉइडविरहित क्लोट्रिमॅझोलचे मलम त्याच फळीवर असते आणि स्वस्तही असते. त्याने खाज हळू थांबते, एवढाच त्याचा ‘दोष’. तपासणीचेही तसेच. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी खर्चिक नाही. क्षयाच्या थुंकीसाठी आणि हिवतापाच्या रक्तनमुन्यासाठी अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा तंत्रज्ञ आहेच. त्याला खपलीतले तंतू ओळखायला शिकवणे हे त्वचारोगतज्ज्ञ नेमण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे. गरिबाच्या नावाने जे जहाल मलम वाचवले जाते, त्याची सर्वांत मोठी किंमत गरीबच मोजतो.

तिसरा आक्षेप : यात माणूस मरत नाही, मग एवढी चिंता कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची अग्रक्रम यादी प्रसिद्ध केली. तिच्यात १९ नावे आहेत. रुग्णालयांत त्वचेवर ठाण मांडून एका खाटेवरून दुसरीकडे जाणारी कॅन्डिडा ऑरिस तिच्यात सर्वांत वरच्या गटात आहे, आणि ते योग्यच आहे. गजकर्णाच्या बुरशींपैकी मात्र एकही या यादीत नाही. जिवावर बेतणाऱ्या संसर्गांवर भर देऊन अग्रक्रम ठरवला की असे होणारच. पण वर्षभर रात्री झोप नसलेला कामगार, वर्गात सतत खाजवते म्हणून बाकावर एकटी बसवली जाणारी मुलगी, लग्न ठरताना लपवावे लागणारे मांड्यांवरचे व्रण यांची बेरीज मृत्यूच्या रकान्यात कधीच येत नाही. ज्या आजाराने माणूस मरत नाही त्याला संशोधनाचा पैसा मिळत नाही, नव्या औषधांची रांग लागत नाही. म्हणून हाताशी असलेली औषधे गमावणे इथे अधिकच महाग पडते.

स्वच्छतेचा मुद्दा उरतो. तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण ‘स्वच्छ राहा’ हा सल्ला ज्या रूपात दिला जातो, त्यात रुग्णावर ठपका असतो आणि नेमकी कृती नसते. त्यातून लोक जंतुनाशक साबणाने दिवसातून तीनदा अंग घासतात. त्वचेचा रक्षक थर खरवडला जातो आणि बीजाणूंना वाट सोपी होते. अंग घासण्यापेक्षा कपडा उलटा करून उन्हात टाकणे, पंचे वेगळे ठेवणे आणि रुग्णाचे कपडे निराळ्या बादलीत गरम पाण्यात भिजवणे याचा उपयोग अधिक. ज्या वस्तीत पाणी दिवसाआड येते आणि गॅस मोजून वापरावा लागतो, तिथे हेही सोपे नाही. हा दोष तिथल्या माणसांच्या सवयींचा नव्हे.

## उपचार कोणाचा आणि कुठवर

वरच्या पायऱ्या मान्य केल्या तर उपचाराचे एकक बदलते. एका माणसाचा एक चट्टा हे एकक पुरत नाही, घर हे एकक धरावे लागते. खरजेच्या बाबतीत डॉक्टर हे फार पूर्वीपासून करतात : एकाला खरूज झाली तर घरातल्या सर्वांना एकाच दिवशी औषध लावायला सांगतात. गजकर्णात निदान सर्वांची त्वचा आणि नखे पाहणे, आणि ज्यांना चट्टे आहेत त्यांचा उपचार एकाच वेळी सुरू करणे एवढे तरी व्हायला हवे. उपचार आळीपाळीने झाले तर बुरशीही आळीपाळीने फिरते.

मलम लावताना चट्ट्याच्या दिसणाऱ्या कडेबाहेरही दोन-तीन सेंटीमीटर लावायचे असते, कारण तंतू कडेपुढे गेलेले असतात. पोटातले औषध केवळ दिवस मोजून थांबवता येत नाही. इंडोटिनीच्या संसर्गात सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पूर्ण मुदत भरली तरी कडेवर खपली असेल आणि चाचणीत तंतू दिसत असतील, तर काम संपलेले नसते.

प्रयोगशाळेची अडचण वेगळी आहे. बशीत वाढवलेली इंडोटिनी तिच्या नातलगांसारखीच दिसते : पांढरट, पिठूळ, खालून फिकट तपकिरी. तिची ओळख पटते ती जनुकाच्या एका ठरावीक पट्ट्याचा अनुक्रम वाचून, आणि ती सोय मोजक्या संस्थांत आहे. साथ नेमकी कुठे पोचली आहे, तिच्यातला किती भाग टर्बिनाफिनला दाद देत नाही, इट्राकोनॅझोलची पकड कुठे सैल होत आहे, हे कळायला जिल्ह्याजिल्ह्यांतून नमुने अशा संस्थांकडे नियमित जावे लागतील. क्षयाच्या बाबतीत अशी व्यवस्था देशात उभी आहे, त्यामुळे ती अशक्य कोटीतली नाही.

बरे झाल्यानंतरचा एक घोटाळा रुग्णाला आधीच सांगावा लागतो. बुरशी संपली, खपली गेली, कड उरली नाही, तरी चट्ट्याच्या जागी काळपट डाग कित्येक महिने राहतो. तो दाहानंतर त्वचेत उरलेल्या रंगद्रव्याचा असतो, संसर्गाचा नव्हे, आणि तो हळूहळू आपोआप फिकट होतो. हे माहीत नसलेला माणूस तो डाग घालवायला पुन्हा मेडिकलमध्ये जातो, आणि डाग उजळवणारी म्हणून त्याला दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत पुन्हा स्टेरॉइडच असते.